कोडच्या तुकड्यांची वही

स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून कोड साठवायची सवय असेल तर ती आधी मोडा. तिथे दोन तारकांमधला मजकूर ठळक होतो आणि तारका दिसेनाशा होतात. दोन अधोरेषांमधला मजकूर तिरका होतो. काही फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार चिन्ह करून टाकतो, आणि वर्डमध्ये ठेवलंत तर दोन लागोपाठच्या आडव्या रेघांची एक लांब रेघ होते. महिन्याभराने तोच तुकडा टर्मिनलमध्ये चिकटवला की चालत नाही, आणि का चालत नाही हे कळत नाही, कारण दिसायला सगळं बरोबरच दिसतं.

ग्वाल्हेरात हा विषय आता घरोघरचा झाला आहे. माधव इन्स्टिट्यूट १९५७ पासून आहे, अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था १९९७ पासून. लष्कर, मुरार, ठाटीपूर इथली कितीतरी मुलं-मुली कॉलेजात असतानाच बाहेरची कामं घेतात. दाल बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्याची साइट, कोचिंग क्लासचा प्रवेशअर्ज, मंगल कार्यालयाचं आरक्षण, गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची नोंद. कामं वेगवेगळी, पण आतले भाग तेच ते: लॉगिन, संपर्काचा फॉर्म, फोटो चढवणं, शोध, पावती. म्हणून चांगले तुकडे जमवून ठेवावेत हे खरंच. मात्र एक चुकीचा तुकडा दहा ठिकाणी वापरला की दहा साइट्स एकाच जागी उघड्या पडतात, आणि त्या दहा कोणत्या हे तुम्हाला आठवत नसतं.

२०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी सुमारे तेरा लाख अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली. त्यांतल्या १५.४ टक्के अ‍ॅप्समध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेला सुरक्षेशी संबंधित कोड सापडला, आणि त्या अ‍ॅप्सपैकी ९७.९ टक्क्यांत निदान एक तरी तुकडा असुरक्षित होता. त्याहून बोलकी गोष्ट आंद्रेआस लुंडब्लाड या स्वीडिश प्रोग्रॅमरची. बाइट्सचा आकडा वाचण्याजोगा करून दाखवणारा जावामधला एक छोटा तुकडा त्याने २०१० मध्ये उत्तरादाखल लिहिला. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की गिटहबवर हजारो ठिकाणी तो उतरवून घेतला आहे. मग २०१९ मध्ये खुद्द लुंडब्लाडनेच लिहिलं की यात चूक आहे: ९,९९,९९९ बाइट्स दिले तर एक मेगाबाइट म्हणायच्या जागी तो हजार किलोबाइट म्हणतो. त्याने दुरुस्ती केली. पण ज्यांनी तो उचलताना कुठून घेतला हे लिहूनच ठेवलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोचायची कशी?

नोंद कशी असावी

संग्रह कसा करावा हे शिकायला ग्वाल्हेरकराने लांब जायला नको. पूर्वी बंदिश गळ्यातून गळ्यात जायची. विष्णु नारायण भातखंड्यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून त्या मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या, पण नुसते शब्द छापले नाहीत, राग, ताल आणि स्वरलिपी बरोबर दिली. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने इथे माधव संगीत विद्यालय निघालं आणि राजाभैया पूछवाल्यांसारखे गवई त्या लिपीतून शिकवू लागले. राग-ताल न लिहिलेली चीज वहीत असून नसल्यासारखीच.

कोडच्या तुकड्यालाही असं टिपण लागतं. भाषा आणि तिची आवृत्ती, काम काय, कुठून घेतलं, कधी तपासलं, कोणकोणत्या साइटवर वापरलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो काय करत नाही. ही शेवटची ओळ जवळजवळ कुणीच लिहीत नाही. नाव देताना हुशारी नको. रात्री अकरा वाजता गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर जे शब्द सुचतील तेच नाव. ‘फोटो उलटा दिसतो’ हे नाव ‘प्रतिमा-दिशा-व्यवस्थापन’पेक्षा केव्हाही बरं.

एक नोंद पुरी करून पाहू, आणि ती मुद्दाम आपल्या गावचीच घेऊ. पत्त्यात ‘महाराज बाड़ा’ लिहिणारं गिऱ्हाईक हिंदी कीबोर्ड वापरतं. त्यातला ‘ड़’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एका संकेतांकात सबंध, किंवा ‘ड’ आणि खालचा नुक्ता असे दोन संकेतांक मिळून. डोळ्यांना फरक शून्य. एका कीबोर्डवरून पहिला प्रकार येतो, दुसऱ्यावरून दुसरा. दुकानदार शोधात ‘बाड़ा’ टाकतो, आणि अर्धी गिऱ्हाइकं यादीत येतच नाहीत. याला उपाय म्हणजे साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही वेळा मजकुराचं सामान्यीकरण करणं; पीएचपीत त्यासाठी नॉर्मलायझर नावाचा वर्ग आहे, पायथनमध्ये युनिकोडडेटा आणि जावास्क्रिप्टमध्ये नॉर्मलाइझ. ‘एनएफसी’ हा प्रकार निवडला की दोन्ही ‘ड़’ एकसारखे होतात. गंमत अशी की हा ‘ड़’ नेहमी फोडून दोन संकेतांकांचा केला जातो, तर आपल्या ‘तऱ्हे’तला ‘ऱ’ जोडून एकाच संकेतांकाचा होतो. आपण त्यात पडायचं नाही; दोन्ही बाजूंना तोच प्रकार वापरला की झालं.

आता वहीत लिहायचं ते असं. नाव: बाड़ा शोधात सापडत नाही. भाषा: पीएचपी ८, इंटल एक्स्टेन्शन चालू हवं, स्वस्त होस्टिंगवर ते बंद असू शकतं. कुठून: पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिका. चाचणी: दोन्ही कीबोर्डवरून लिहिलेले दोन ‘बाड़ा’ दिले, उत्तर ‘समान’ यायला हवं. काय करत नाही: ‘ग्वाल्हेर’ आणि ‘ग्वालियर’ एक करत नाही, त्याला वेगळी पर्यायी नावांची यादी लागेल, जुन्या साठवलेल्या नोंदी आपोआप सुधारत नाही, त्या एकदा चालवून घ्याव्या लागतील.

हाताशी ‘ग्वाल्हेर’ आहेच तर आणखी एक पाहू. वाचणाऱ्याला ही तीन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबाने नऊ संकेतांक. यूटीएफ-८ मध्ये सत्तावीस बाइट्स. पीएचपीतलं साधं ‘स्ट्रलेन’ सत्तावीस सांगतं, ‘एमबी_स्ट्रलेन’ नऊ सांगतं. इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी लिहिलेला ‘नाव वीस अक्षरांपर्यंत’ हा तुकडा साध्या ‘स्ट्रलेन’वर चालत असेल, तर ग्वाल्हेर हे नावच त्यात मावत नाही. आणि मजकूर छोटा करून दाखवायला ‘सबस्टर’ वापरलं तर कात्री अक्षराच्या मधोमध बसते. मग पानावर काळा चौकोन दिसतो एवढ्यावर भागत नाही; असा तुटका मजकूर ‘जेसन_एन्कोड’ला दिला की तो सरळ ‘फॉल्स’ परत देतो आणि सबंध यादीच कोरी येते. इंग्रजी लेखांतून उचललेल्या तुकड्यांची मराठी-हिंदी मजकुरावर चाचणी घेतल्याशिवाय ते वहीत घेऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे. चाचणीला ‘ज्ञानेश्वर’, ‘ग्वाल्हेर’, ‘बाड़ा’ आणि एखादी इमोजी एवढं पुरतं. इमोजी अशासाठी की मायएसक्यूएलमधला जुना ‘यूटीएफ८’ तीनच बाइट्सपर्यंतचं अक्षर साठवतो. देवनागरी त्यात बसते म्हणून सगळं ठीक वाटतं आणि कुणी हसरा चेहरा टाकला की फॉर्म कोसळतो. ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या.

आकड्यांचंही तसंच. ब्राउझरमधलं आकडे मांडणारं ‘इंटल.नंबरफॉर्मॅट’ भारतीय हिंदीसाठी इंग्रजी अंक देतं आणि भारतीय मराठीसाठी देवनागरी अंक. मराठी साइटसाठीचा तुकडा हिंदी साइटला लावला, किंवा उलट, तर पावतीवरचे अंकच बदलतात.

कालबाह्य आणि घातकी

वहीत एक पान ‘वापरू नये’ असंही ठेवा. जुने लेख मरत नाहीत. पीएचपीची ‘मायएसक्यूएल_’ने सुरू होणारी फंक्शन्स २०१५ च्या शेवटी आलेल्या सातव्या आवृत्तीत काढून टाकली गेली, तरी त्यांच्यावर बेतलेले धडे अजून सापडतात, तिथे आता पीडीओ आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट. पासवर्ड एमडी५ करून ठेवणारा तुकडा दिसला तर तो फाडून टाका. ‘पासवर्ड_हॅश’ २०१३ पासून पीएचपीतच आहे. ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे फंक्शन ८.१ या आवृत्तीपासून एकेरी अवतरणचिन्हही आपोआप निष्प्रभ करतं, त्याआधी ते वेगळं सांगावं लागे. म्हणजे अक्षरशः तोच तुकडा एका सर्व्हरवर सुरक्षित आणि शेजारच्या जुन्या सर्व्हरवर भोक पाडणारा. आवृत्ती लिहायची ती याचसाठी. ‘एक्स-एक्सएसएस-प्रोटेक्शन’ हा हेडर अजून कितीतरी याद्यांत मिरवतो. क्रोमने ती सोय २०१९ मध्येच काढून टाकली.

काही तुकडे जुने नसतात, आळशी असतात. प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारी पायथनमधली ‘व्हेरिफाय’ची ओळ, कर्लचा ‘के’ पर्याय, फोल्डरला ७७७ परवानगी. तिन्हींमुळे अडलेलं काम लगेच चालू होतं, म्हणूनच ते एकमेकांना इतक्या आपुलकीने सांगितले जातात.

रेग्युलर एक्स्प्रेशन जमवणाऱ्यांनी त्याबरोबर एक दुष्ट चाचणीही जमवावी. २० जुलै २०१६ ला खुद्द स्टॅक ओव्हरफ्लो चौतीस मिनिटं बंद पडलं होतं. कारण काय, तर ओळीच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणारी एक साधी अभिव्यक्ती आणि सुमारे वीस हजार मोकळ्या जागा एकापाठोपाठ असलेली एक नोंद. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरचंही तसंच झालं, सत्तावीस मिनिटं. तेव्हा अभिव्यक्ती बरोबर ओळखते का, एवढंच पाहू नका. वीस हजार मोकळ्या जागा देऊन किती वेळ लागतो तेही पाहा.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून थेट जावास्क्रिप्ट ओढणारी एक ओळ हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महाग तुकडा. पॉलिफिल डॉट आयओवरून जुन्या ब्राउझरांसाठी पूरक कोड ओढायची ओळ वर्षानुवर्षं लोक चिकटवत आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन दुसऱ्या कंपनीच्या हाती गेलं आणि जूनमध्ये उघड झालं की तिथून घातकी कोड जातो आहे. एक लाखाहून जास्त साइट्सवर ती ओळ होती. फाइलची मोहोर तपासणारी ‘इंटेग्रिटी’ची सोय असते आणि ती लावावीच, पण पॉलिफिल प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल देत असे, त्यामुळे तिथे ती लागूच पडत नव्हती. शक्य तिथे फाइल उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवा, हे उत्तर कंटाळवाणं आहे आणि बरोबर आहे.

आणि काहीही वेबपानावरून कॉपी केलंत की थेट टर्मिनलमध्ये चिकटवू नका. पान तुम्हाला एक दाखवतं आणि क्लिपबोर्डवर दुसरंच ठेवतं, हे सहज करता येतं. २०२४ पासून तर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत विंडोज आणि आर दाबून काहीतरी चिकटवायला लावणारी पानं फिरताहेत. आधी साध्या एडिटरमध्ये चिकटवा, ओळ न् ओळ वाचा, मग पुढे.

चाचणीचे तुकडे वेगळ्या फोल्डरात

सुरक्षा-चाचणीचे तुकडे हा वेगळा संसार आहे. बांधकामाच्या तुकड्यांत ते मिसळू नका, कारण घाईत एखादा भलत्याच जागी चिकटला तर निस्तरणं कठीण. सेकलिस्ट्स नावाचा मोठा संग्रह गिटहबवर मोफत मिळतो, त्यामुळे हजारो ओळी हाताने गोळा करण्यात शहाणपण नाही. तुमच्या वहीत थोडेच असावेत, पण प्रत्येकाबरोबर तीन गोष्टी हव्यात: हा कशासाठी, भोक असेल तर काय दिसेल, आणि ते बुजवायचं कसं. ज्या पेलोडशेजारी, म्हणजे चाचणीच्या तुकड्याशेजारी, दुरुस्ती लिहिलेली नाही तो नुसता फटाका.

उदाहरणार्थ, एसक्यूएल इंजेक्शन म्हटलं की प्रत्येक शिकाऊ ‘किंवा एक बरोबर एक’ असा तुकडा लिहून ठेवतो. शोधाच्या क्वेरीत तो सगळ्या नोंदी दाखवतो, ठीक. पण तीच किंमत मागे एखाद्या नोंदी बदलणाऱ्या किंवा पुसणाऱ्या आज्ञेत जात असेल, तर अट सगळ्याच ओळींना लागू होते आणि गिऱ्हाइकाची अख्खी यादी एका क्षणात जाते. लेखी परवानगी खिशात असली तरी चालू डेटाबेसवर तो तुकडा नको. सुरुवातीला एकच अवतरणचिन्ह देऊन त्रुटी येते का ते पाहा. तेवढ्याने बहुतेक वेळा संशय पक्का होतो. स्क्रिप्ट घुसते का हे पाहताना नुसता ‘एक’ असा इशारा उठवण्यापेक्षा डोमेनचं नाव दाखवणारा इशारा ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट नक्की कुणाच्या घरात चालली ते कळतं.

मराठी माणसाच्या वहीत असायलाच हवी अशी एक चाचणी परदेशी याद्यांत सहसा सापडत नाही. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात देवनागरी अंक टाकून पाहा. जावास्क्रिप्टमध्ये ‘कोणताही अंक’ याचा अर्थ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. पायथनमध्ये मात्र तोच संकेत देवनागरी अंकही स्वीकारतो. म्हणजे ब्राउझर नाकारतो, पण ब्राउझरला बगल देऊन विनंती थेट सर्व्हरला पाठवली तर पायथनचा सर्व्हर ती मान्य करतो, आणि एकाच फोन क्रमांकाची दोन खाती तयार होतात: एक इंग्रजी अंकांचं, एक देवनागरी. ‘एका क्रमांकाला एकच सवलत’ असली तर ती दोनदा मिळते. दुरुस्ती सोपी आहे: अंकांचा संच कंसात शून्य ते नऊ असा स्पष्ट लिहा, किंवा देवनागरी अंक आधी इंग्रजीत बदलून घ्या आणि मगच तपासा. मराठी-हिंदी गिऱ्हाइकांसाठी दुसरा मार्ग जास्त माणुसकीचा.

ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला दोष, म्हणजे प्रवेशनियंत्रण मोडकं असणं, याला तर पेलोडच लागत नाही. दोन खाती उघडायची, एकाने लॉगिन करायचं आणि पत्त्यातला पावती क्रमांक बदलून दुसऱ्याची पावती उघडते का ते पाहायचं. वहीत याची पायऱ्यांची नोंद ठेवा. छोट्या साइट्समध्ये मला वाटतं सर्वात जास्त उपयोग याच नोंदीचा होतो.

पण हे सारं करायचं कुठे? स्वतःच्या संगणकावर. डीव्हीडब्ल्यूए, वेबगोट, ज्यूस शॉप ही मुद्दाम सदोष बनवलेली सराव-अ‍ॅप्स मोफत आहेत. डॉकर असेल तर काही मिनिटांत उभी राहतात. ती १२७.०.०.१ वरच बांधून ठेवा, हॉस्टेलच्या वायफायवर उघडी टाकू नका. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे आणि तिथल्या प्रयोगशाळा मोडण्यासाठीच आहेत. एनमॅपवाल्यांनी ‘स्कॅनमी’ नावाचा एक सर्व्हर शिकणाऱ्यांसाठी ठेवला आहे. तिथे अधूनमधून स्कॅन करायला हरकत नाही, रात्रभर धोपटायला आहे.

याबाहेर, ज्या साइटचं काम तुम्ही घेतलं आहे ती सोडून, कशालाही हात लावायचा नाही. विद्यापीठाच्या निकालाच्या पानावर दुसऱ्याचा क्रमांक टाकून ‘नुसतं बघितलं’ हा बचाव नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीविना शिरण्याबद्दल आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा आधी एक कागद घेतलेला बरा. शेअर्ड होस्टिंग असेल तर एक खाच लक्षात ठेवा: गिऱ्हाइकाची परवानगी त्याच्या साइटपुरती असते. त्याच सर्व्हरवर शेजारी नांदणाऱ्या साइट्स आणि खुद्द होस्टिंग कंपनी यांची ती नसते, म्हणून स्कॅनरला आयपी पत्ता देऊन मोकळं होऊ नका.

वेबशेल, म्हणजे सर्व्हरवर टाकून तो दुरून चालवायच्या फाइली, जमवूच नका. विंडोजचं अँटिव्हायरस त्या ओळखून उचलतं आणि कधी कधी त्याबरोबर फोल्डरातलं इतरही काही अडकतं. त्याहून वाईट म्हणजे ‘चाचणी’ म्हणून गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर चढवलेली फाइल तशीच राहते आणि ती शोधत फिरणाऱ्या दुसऱ्या कुणाला सापडते.

कुठे ठेवायचं

साध्या मजकुराच्या फाइली, एका तुकड्याला एक, आणि सगळ्यांचा मिळून एक गिट रेपो. एवढंच. रोज हाताला लागणारे मोजके तुकडे व्हीएस कोडच्या ‘यूजर स्निपेट्स’मध्ये घाला, म्हणजे दोन अक्षरं टाइप केली की पुढचं येतं, सगळेच तिथे घातलेत तर कुठलंच आठवणार नाही. विंडोजवर लिहून लिनक्सवर चालवायच्या शेल स्क्रिप्टमध्ये ओळीचा शेवट वेगळा असतो आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ असं गूढ उत्तर येतं. रेपोत ओळीच्या शेवटाचा नियम एकदाच लिहून टाका.

गिटहबचा ‘सीक्रेट गिस्ट’ नावाप्रमाणे गुप्त नसतो. तो शोधात येत नाही इतकंच. दुवा ज्याच्या हाती लागेल त्याला तो उघडतो. तेव्हा त्यात पासवर्ड, एपीआय की, एसएमएस गेटवेचा टोकन, पेमेंटची किल्ली यांतलं काही नको. तुकडा वहीत घेतानाच किल्लीच्या जागी ‘इथे तुमची किल्ली’ लिहा. चुकून खरी किल्ली गेलीच, तर फाइल पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहते. आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्या, साफसफाई नंतर. गिटलीक्ससारखं साधन रेपो चाळून अशा विसरलेल्या किल्ल्या दाखवतं. चाचणीसाठी गिऱ्हाइकाचा खरा डेटा, आधार क्रमांक, फोन वगैरे वहीत ठेवायचा प्रश्नच नाही. खोटी नावं आणि ४७४००१ सारखा पिन पुरे.

मालकीबद्दल थोडक्यात. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा कोड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नाव देऊन, त्याच अटींवर वाटण्याच्या परवान्याखाली असतो. गिटहबवर परवाना न लिहिलेला कोड दिसतो म्हणून तो फुकटचा नसतो; त्याचे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. एआयने लिहून दिलेला तुकडा असेल तर ‘कुठून’ या रकान्यात तसं लिहा, आणि त्यात एखाद्या पॅकेजचं नाव आलं असेल तर ते खरोखर अस्तित्वात आहे का, कुणाचं आहे, हे बसवण्याआधी पाहा. ही साधनं नसलेल्या पॅकेजांची नावं आत्मविश्वासाने सांगतात, आणि अशी नावं हेरून त्या नावाने घातकी पॅकेज टाकून ठेवणारेही आहेत.

शेवटचे दोन तुकडे कोडचे नाहीत, पण वहीत ते असावेत. एक परवानगीपत्राचा नमुना: साइटचं नाव, चाचणी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसाच्या कोणत्या वेळात, काय करायचं नाही (साइट बंद पाडणं, डेटा पुसणं, कर्मचाऱ्यांना फसवून पासवर्ड काढणं), सापडलेली माहिती कशी ठेवली आणि कधी नष्ट केली जाईल, काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा, आणि मालकाची सही. बाड्यावरच्या दुकानदाराला हे हिंदीत द्या, एका पानात बसवा. चार पानं दिलीत तर तो न वाचता सही करील आणि त्या सहीला अर्थ उरणार नाही.

दुसरा नमुना दोष कळवण्याच्या पत्राचा. साइट वापरताना, काही न उकरता, एखादं भोक नजरेस आलं तर तिथेच थांबायचं; आणखी किती खोल जातं ते पाहायचं नाही, दुसऱ्याची माहिती उतरवून घ्यायची नाही. पत्रात कोणतं पान, काय केलं, काय दिसलं, तारीख-वेळ, आणि शक्य तर दुरुस्तीची एक ओळ. पैशाचा विषय काढायचा नाही, मुदतीची धमकी द्यायची नाही. त्या दोन वाक्यांनी साध्या पत्राची खंडणी होते. मालक दाद देत नसेल, किंवा साइट सरकारी असेल, तर असे दोष स्वीकारणारी केंद्राची संस्था सर्ट-इन आहे, २००४ पासून. तिला पाठवतानाही हाच नमुना चालतो. खाली आपलं खरं नाव आणि फोन क्रमांक लिहा, आणि पाठवलेल्या पत्राची प्रत त्या तारखेनिशी रेपोत ठेवा.